जुना हँडीकॅम लिलावात घेताना

लग्ना-मुंजीच्या मिनी डीव्ही कॅसेट बघायला म्हणून ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जुना हँडीकॅम शोधत असाल, तर किमतीआधी एक गोष्ट बघा: पाल की एनटीएससी, म्हणजे व्हिडिओच्या दोन वेगळ्या पद्धतींपैकी कोणती. भारतात शूट झालेल्या कॅसेट बहुतेक पाल असतात. अमेरिका-जपानमधले कॅमेरे एनटीएससी. तसला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी आपली कॅसेट त्यावर नीट चालणार नाही. त्यापेक्षा ब्रिटन किंवा जर्मनीतले विक्रेते आधी पाहा.

वर्णनात 'अनटेस्टेड' लिहिलं असेल तर मी कॅमेरा बंदच आहे असं धरतो. 'चार्जर नव्हता म्हणून तपासला नाही' ही सबब तर फारच जुनी. विक्रेत्याकडे छोटा व्हिडिओ मागा: कॅसेट आत जाते, चालते, मागे-पुढे फिरते आणि बाहेर येते, सगळं सलग एका शॉटमध्ये. चित्रात चौकोन किंवा आडवे पट्टे उमटले तर टेप वाचणारं हेड बहुधा मळलंय किंवा झिजलंय. नुसतं लेन्समधून समोरचं दृश्य दाखवलं, तर टेपच्या भागाबद्दल काहीच कळत नाही. फायरवायरचं पोर्टही, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची केबल लावतात ती जागा, जवळून बघा. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला तेच लागतं.

बोलीची कमाल रक्कम एकदाच टाका, ईबे ती गरजेपुरतीच वाढवत नेतं. पाठवणावळ आणि कस्टम ड्युटी त्यात आधीच धरा. 'बाहेरून पैसे पाठवा, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. तिथे ईबेची पैसे परतीची हमी लागू होत नाही. पार्सल आलं की त्याच दिवशी कॅसेट घालून बघा. लग्नाची नव्हे, एखादी टाकाऊ.