ताणाची बेरीज करताना या चुका टाळा

“काका, माझे २८७ आले. आता कमी कसे करायचे?”

भोसरीच्या एका कंपनीत कर्मचारी विभागात नोकरी केली, आता निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या लोकांची शिबिरं घेतो. ताण मोजायचा होम्स आणि राहे या अमेरिकन डॉक्टरांचा तक्ता शिबिरात हातात दिला की दर वेळी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. अहो, ती काय साखर आहे कमी करायला? गेल्या बारा महिन्यांत तुमच्या आयुष्यात जे घडलं, त्याची ती बेरीज आहे. घडलेलं पुसता येत नाही. पुढचं थोडं मागे-पुढे करता येतं, तेवढंच आपल्या हातात.

तक्ता १९६७ सालचा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा. त्यात ४३ घटना आहेत आणि प्रत्येकीला गुण: जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, नोकरी जाणं ४७, निवृत्ती ४५, घर बदलणं २०. सरळ बेरीज करायची. इतकं सोपं असूनही लोक घोळ घालतात, आणि वर्षानुवर्षं तेच ते घोळ.

फक्त वाईट घटना मोजणं. ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी आमची डहाणूकर कॉलनीतली सोसायटी पुनर्विकासाला गेली. आम्ही वारज्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. मधल्या काळात मुलीचं लग्न होऊन ती बंगळुरूला गेली. सगळं आनंदाचंच! मुलगी चांगल्या घरी पडली, जुन्या घराच्या जागी मोठं घर मिळणार, निवृत्तीचे पैसे बँकेत. शिबिरासाठी नमुना म्हणून स्वतःचा तक्ता भरला, निवृत्तीचे ४५ लिहिले आणि पेन खाली ठेवलं.

आणि रात्री झोप नाही. पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली यावरून मी वॉचमनवर ओरडलो, तेही दोनदा. नव्या घरात न्हाणीघराच्या दिव्याचं बटण डाव्या हाताला, जुन्या घरात ते उजवीकडे होतं. चार महिने झाले तरी रात्री उठलो की हात उजव्या भिंतीवर चाचपडायचा. एका रात्री तसाच अंधारात उभा राहिलो आणि विनाकारण डोळे भरून आले. सौ. म्हणाली, “लोकांना तक्ते वाटता, स्वतःचा नीट भरा की.”

भरला. निवृत्ती ४५, आर्थिक स्थितीतला बदल ३८, मुलगी घरातून जाणं २९, राहणीमानातला बदल २५, घर बदलणं २०, सकाळचा कट्टा सुटला म्हणून सामाजिक वावरातला बदल १८, झोपेच्या सवयी १६. झाले १९१.

इथे मूळ नाव लक्षात घ्यायला हवं. होम्स-राहेंनी तक्त्याला दुःखाचं माप म्हटलंच नाही, त्यांचा शब्द आहे पुन्हा जुळवून घेणं. ३९४ लोकांना त्यांनी सांगितलं, लग्नाला ५०० धरा आणि बाकीच्या घटनांना त्या मानाने किती जुळवून घ्यावं लागतं ते सांगा. उत्तरांच्या सरासरीला दहाने भागलं, म्हणून लग्नाचे ५०. म्हणजे मापाचा दगडच मुळी एक शुभकार्य! बढती, मोठं यश, सुट्टीची सहल, सगळ्यांना गुण आहेत. भिंतीवर चाचपडणाऱ्या हाताला बटण चांगल्या कारणाने हललंय की वाईट, हे कळत नाही.

माझा उपाय घरगुती आहे. कालनिर्णयच्या पानामागे दर महिन्याला त्या महिन्यात काय बदललं ते एका ओळीत लिहायचं, बरं-वाईट असा शेरा न मारता. वर्षाअखेरीला आठवत बसलात तर फक्त भांडणं आठवतात.

अमेरिकन तक्ता जसाच्या तसा भरणं. त्यात नाताळला १२ गुण आहेत. आपण तिथे दिवाळी धरावी. (लक्ष्मी रस्त्यावर राहणाऱ्यांनी गणपतीचे दहा दिवस वेगळे धरावेत, माझी हरकत नाही.) ‘दहा हजार डॉलरवरचं गहाण’ वाचून लोक फोनवर डॉलरचा आजचा भाव काढतात. १९६७चे डॉलर आहेत हो ते! हप्ता पगाराचा केवढा लचका तोडतो ते बघा आणि पुढे चला. आपल्याकडे १९८४मध्ये गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी ५१ घटनांचा भारतीय तक्ता केला. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला ९५ आहेत, मुलीचं किंवा अवलंबून असलेल्या बहिणीचं लग्न ही वेगळी नोंद आहे आणि तीर्थयात्रेलाही गुण आहेत. मिळाला तर तोच वापरा.

तीनशेला घाबरणं. ३०० ओलांडले की आजारी पडण्याची शक्यता ८० टक्के, हे वाक्य कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून फिरून गुळगुळीत झालंय. हिंजवडीतला एक तरुण माझ्याकडे आला होता. नोकरी गेलेली, साखरपुडा मोडलेला, वडिलांची बायपास झालेली. बेरीज ३१२. दीड महिन्यात त्याने तीन वेळा संपूर्ण तपासणी करून घेतली होती. तिन्ही अहवाल चांगले, आणि त्यामुळे तो आणखी घाबरलेला, की आजार लपून बसलाय!

त्याला मी राहेंचाच पुढचा अभ्यास सांगितला, १९७०चा. अमेरिकी नौदलाचे सुमारे अडीच हजार खलाशी. त्यांचे गुण बोटीवर जाण्याआधी घेतले आणि नंतर कोण आजारी पडतं ते पाहिलं. गुण जास्त त्यांची दुखणी जास्त निघाली खरी, पण संबंध केवढा? ०.११८. पक्का संबंध असेल तर हा आकडा १ येतो, मुळीच नसेल तर ०. दुखण्यांमधल्या फरकाचा जेमतेम दीड टक्का या गुणांनी उलगडतो. बाकी सगळं तुमची प्रकृती, पैसा, माणसं, स्वभाव. तेव्हा मोठी बेरीज म्हणजे ‘सध्या नवीन काही अंगावर घेऊ नका’ एवढंच. त्याला मी सांगितलं, वडील हिंडूफिरू लागेपर्यंत घर बदलू नकोस आणि लग्नाची स्थळं बघू नकोस. त्याला हा उपाय फार साधा वाटला. त्याला अ‍ॅप हवं होतं.

दुसऱ्याचा तक्ता आपण भरणं. नवऱ्याचा बायकोने, आईचा मुलाने. करू नका.

उलटे प्रश्न सरळ मोजणं. घटना मोजण्याऐवजी ताण जाणवतो किती, हे बघायचं असेल तर शेल्डन कोहेन यांची १९८३ची प्रश्नावली आहे. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत गेल्या महिन्याबद्दल विचारतात, प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. त्यात ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न चांगल्या अंगाने विचारलेले आहेत, त्यांचे गुण उलटे लावायचे, ४ असेल तिथे ०, ० असेल तिथे ४. घाईत कुणी लावत नाही. मग सुखी माणसाच्या पदरात चाळीसपैकी सोळा गुण फुकट पडतात आणि तो चिंतेत पडतो. शिवाय ही प्रश्नावली रविवारी दुपारी जेवून भरू नका आणि बॉसशी भांडून आल्यावर तर नकोच. मी मंगळवारी सकाळी चहाआधी भरतो. शास्त्र काही नाही, सवय आहे.

बदलाच्या काळात आणखी बदल करणं. निवृत्त झाले की सोमवारपासून योगासनं, बिनसाखरेचा चहा, नवी भाषा. जेवणाच्या सवयी बदलल्या तरी तक्ता १५ गुण लावतो, विसरू नका. मी उलट करतो, एक जुनी गोष्ट हट्टाने धरून ठेवतो. वारज्याहून आठवड्यातून दोनदा बसने डहाणूकरला जातो, जुन्याच भाजीवालीकडून मेथी घेतो. वारज्यात मेथी मिळत नाही का? मिळते.

तक्त्याला डॉक्टर समजणं. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, अशा वेळी बेरजा करत बसू नका. १४४१६ ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर घरच्या माणसाला आत्ता, या क्षणी सांगा.

आमच्या नव्या घराचा ताबा दिवाळीत मिळेल, असं बिल्डर म्हणतोय. मुलगी डिसेंबरात बाळंतपणाला येणार. कालनिर्णयच्या मागे घर बदलण्याचे २०, राहणीमानाचे २५ आणि नव्या सदस्याचे ३९ असे आधीच लिहून ठेवले होते. ते वाचून सौ.ने गुरुजींना फोन केला आणि वास्तुशांत गुढीपाडव्यावर ढकलली. बटणं मात्र उजवीकडेच घ्या, असं मी इलेक्ट्रिशियनला सांगून आलोय.