अंगावर पाजताना रक्त पातळ करणारं औषध: घरी जाण्याआधी

पहिलं काम औषधाचं नाव नीट माहीत करून घ्यायचं. ‘रक्त पातळ करायची गोळी’ एवढं सांगून भागत नाही. डिस्चार्जच्या कागदावरचं नाव आणि मिलिग्रॅम यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण पाजायचं की नाही हे त्या नावावर ठरतं. हेपॅरिन किंवा एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं असतील तर पाजायला हरकत नसते. त्यांचे रेणू मोठे, दुधात जेमतेम उतरणारे, आणि उतरले तरी बाळाच्या पोटातून रक्तात जात नाहीत. वॉरफरिन आईच्या रक्तातल्या प्रथिनांना इतकं चिकटून असतं की दुधात जवळजवळ येतच नाही. रिवारॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डाबिगाट्रान या नव्या गोळ्यांचं मात्र तसं नाही. पाजणाऱ्या आयांमधला त्यांचा अभ्यास तोकडा आहे, म्हणून डॉक्टर सहसा दुसरं औषध देतात. यातली एखादी लिहून दिली असेल तर ‘मी अंगावर पाजते, बदलता येईल का?’ हे त्याच दिवशी विचारा. कुणाच्या सांगण्यावरून गोळी परस्पर बंद करणं मला सगळ्यात भीतीचं वाटतं. बाळंतपणानंतरचे पहिले ६ आठवडे गुठळी होण्याचा धोका फार असतो.

बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलंय ना, विचारून घ्या. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर बालरोगतज्ज्ञांना तुमचं औषध आवर्जून सांगा.

वॉरफरिनवर असाल तर आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीच्या) तारखा कॅलेंडरवर लिहा. गुठळीसाठी तो बहुधा २ ते ३ ठेवतात, हृदयात कृत्रिम झडप असेल तर जास्तही. तुमचा आकडा विचारून घ्या. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. स्तनात गाठ येऊन ताप आला आणि अँटिबायोटिक सुरू झालं, तर आयएनआर लवकर तपासावा लागेल.

इंजेक्शन घरी घ्यायचं असेल तर नर्ससमोर एकदा स्वतः टोचून बघा. बेंबीपासून दोन-तीन बोटं दूर, सिझेरियनच्या टाक्यांपासून लांब. कातडीची चिमूट सुई बाहेर येईपर्यंत सोडायची नाही, नंतर चोळायचं नाही. रोज बाजू बदला. वापरलेल्या सुयांसाठी झाकण असलेला जाड डबा लागतो.

स्तनाग्राला भेग पडली तर या औषधांवर ती जास्त वेळ वाहते. बाळाच्या ओकारीत गुलाबी रेघ दिसली की काळजाचं पाणी होतं. बरेचदा ते तुमचंच गिळलेलं रक्त असतं. तरी डॉक्टरांना दाखवाच, आणि बाळाने तोंडात नीट धरलंय का, हेही कुणाकडून तरी तपासून घ्या.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत. वॉरफरिन गर्भाला घातक असतं, म्हणून दुसरा उपाय आधीच ठरवा.

तासाभरात पॅड भिजलं, एकच पाय सुजला किंवा दम लागला तर लगेच हॉस्पिटलला निघायचं. तेव्हा बाळ बरोबर घ्यायचं की घरी कुणाजवळ ठेवायचं, हे आजच ठरवून ठेवा.