बाकीची स्थळे बघणे थांबले आहे का, हे कसे विचारावे

विवाहमंडळातून किंवा संकेतस्थळावरून ओळख झालेली दोन माणसे तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर एका अवघड टप्प्यावर येतात. सुपारी फुटलेली नसते, घरच्यांनी पसंतीही कळवलेली नसते, पण रोज रात्री तासभर फोन चालू असतो. अशा वेळी मुलगा मनाशी धरून चालतो की आता दुसरे कोणी नाही, आणि रविवारी मुलीकडे आणखी एक स्थळ पोहे खाऊन जाते. यात फसवणूक कोणीच केलेली नसते. विवाहित जोडीदाराचा व्यभिचार हा हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार घटस्फोटाचा आधार आहे आणि २०१८ साली व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे दंड संहितेतील कलम ४९७ रद्द झाल्यावरही तो कायम आहे. साखरपुड्याआधी मात्र कोणी कोणाला किती बांधील आहे, हे दोघांनी बोलूनच ठरवावे लागते.

विचारण्यापूर्वी आपले उत्तर पक्के करावे, कारण स्वतः दोन बायोडेटा राखून ठेवून समोरच्याचा हिशेब मागणे शोभत नाही. नंतर प्रत्यक्ष भेटीत, नातेवाईक जवळ नसताना, आधी आपली बाजू मांडावी: ‘मी आईला नवीन स्थळे बघू नकोस असे सांगितले आहे, तुमच्याकडे सध्या काय चालले आहे?’ समोरची व्यक्ती ‘अहो’वरून ‘अरे’वर आली, एवढ्यावरून होकार गृहीत धरू नये, पुष्कळ जण केवळ अवघडलेपण घालवण्यासाठी एकेरीवर येतात. ती रात्री ऑनलाइन कधी होती हे तपासत बसणे तर सर्वांत वाईट, कारण त्यातून फक्त संशय वाढतो.

‘घरचे बघत आहेत, मी काय करू’ असे उत्तर आल्यास रागावू नये, पण घरच्यांशी कधीपर्यंत बोलणार, हे सौम्यपणे विचारावे. नकार आल्यास तो मान्य करून आपणही इतर स्थळे बघण्यास मोकळे आहोत, हे तिथेच सांगावे.

होकार आला तरी तपशील ठरवावा लागतो. जुन्या मित्रमैत्रिणींशी असलेला संपर्क कितपत चालेल, हे एका भेटीत उरकते. खरी अडचण प्रोफाइलची असते. बरेचदा खाते वडील चालवतात, पासवर्ड त्यांच्याच डायरीत असतो आणि मावशीने बायोडेटा ज्ञातीच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकलेला असतो. त्यामुळे खाते कोण बंद करणार आणि मावशीला कोण सांगणार, हे त्याच भेटीत ठरवावे.