थायरॉइडची गोळी आणि पोट: टीएसएच आटोक्यात येत नसेल तर काय पाहावे

थायरॉइडची कमतरता असलेल्या पुष्कळ स्त्रियांची तक्रार एकसारखी असते. गोळी नेमाने चालू असते, मात्रा 50 मायक्रोग्रॅमवरून 75 आणि 75 वरून 100 वर गेलेली असते, तरीही टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारे संप्रेरक) खाली येत नाही, किंवा एका तपासणीत नॉर्मल आणि पुढच्या तपासणीत वाढलेला दिसतो. अशा वेळी मात्रा पुन्हा वाढवून घेण्याआधी गिळलेल्या गोळीतले औषध रक्तापर्यंत पोहोचते आहे की नाही, हे पाहणे अधिक शहाणपणाचे असते. थायरॉइडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. ती जठरातील आम्लात विरघळते आणि तिचे शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते. अनशापोटी घेतली तरी त्यातले साधारण 60 ते 80 टक्के औषधच शरीरात जाते. मात्रा मुळातच मायक्रोग्रॅममध्ये असल्यामुळे शोषणातला थोडासा फरकही टीएसएचच्या आकड्यात उमटतो.

सकाळचा पहिला तास

गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य असल्यास पूर्ण तासभर, पाण्याशिवाय काहीही घेऊ नये. ‘काहीही’ या शब्दात चहाही येतो, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्याकडे चहा म्हणजे खाणे नव्हे अशी पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात दूध आणि कॉफी या दोन्हींमुळे या औषधाचे शोषण घटते. लिंबू-मधाचे पाणी, रात्रभर भिजवलेल्या मेथीचे पाणी, भिजवलेले बदाम हे सगळेही गोळीनंतर तासाभराने घ्यावे. ज्या घरात सहा वाजता डबे, साडेसहाला मुलांची शाळा आणि या धावपळीतच चहा होतो, तिथे हा तास पाळणे अवघड असते. त्यावर सोपा उपाय म्हणजे गोळीची डबी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून जाग येताच, अंथरुणातच गोळी घेणे. तेही जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना गोळी घेता येते. मात्र जेवणानंतर किमान तीन तास गेलेले असावेत, त्यामुळे साडेनऊला जेवून दहाला झोपणाऱ्यांसाठी ही वेळ उपयोगाची नाही.

उपवासाच्या दिवशी, अगदी हरतालिकेच्या निर्जळी उपवासातही, गोळी चुकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे औषध शरीरात अनेक दिवस टिकते, त्यामुळे एखादा दिवस राहिल्यास घाबरण्याचे कारण नाही. पण संकष्टी, एकादशी आणि सोमवार असे उपवास धरत गेल्यास महिन्यातले चुकलेले दिवस पाहता पाहता वाढतात.

लोह, कॅल्शियम आणि गरोदरपण

लोह आणि कॅल्शियम आतड्यातच या औषधाला चिकटतात आणि त्याचे शोषण होऊ देत नाहीत. म्हणून थायरॉइडची गोळी आणि या गोळ्या यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. हाच नियम मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीला आणि आम्लपित्तावरच्या पातळ औषधांनाही लागू होतो. या बाबतीत सर्वाधिक गोंधळ गरोदर स्त्रियांचा होतो. त्यांना सरकारी कार्यक्रमानुसार रोज 60 मिलिग्रॅम लोहाची फॉलिक अॅसिडसह असलेली गोळी आणि 500 मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिल्या जातात. लोह आणि कॅल्शियम एकमेकांबरोबरही घ्यायचे नसतात, आणि याच काळात थायरॉइडच्या औषधाची गरज साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाढलेली असते.

यावर एक सोयीचे वेळापत्रक असे आहे: सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, साडेदहाला खाण्याबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, म्हणजे तीनच्या सुमारास, लिंबूपाण्याबरोबर लोहाची गोळी, आणि रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी. हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवावे. गर्भारपणाची खात्री होताच पुढच्या तपासणीची वाट न पाहता टीएसएच करून घ्यावा.

अॅसिडिटीची गोळी

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्याही अनशापोटी घ्यायला सांगतात, त्यामुळे अनेक जणी दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेतात. येथे वेळा बदलून फारसा लाभ होत नाही, कारण ही औषधे जठरातील आम्ल दिवसभर कमी ठेवतात आणि आम्ल कमी असले की थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. जळजळ होते म्हणून दुकानातून स्वतःच आणलेली अशी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर थायरॉइडच्या डॉक्टरांना ते सांगावे. त्या गोळीची खरोखर गरज आहे का, याचा निर्णय तेच करू शकतील. डॉक्टर ‘दुसरी कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारतात तेव्हा ही गोळी हमखास सांगायची राहते.

आम्ल कमी होण्याचे आणखी एक कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराला येणारी दीर्घकालीन सूज. आपल्या देशात हा संसर्ग फार आढळतो. पोटाच्या वरच्या भागात सतत दुखणे, थोडेसे खाऊनही पोट गच्च भरणे आणि त्यासोबत वाढत जाणारी थायरॉइडची मात्रा अशी लक्षणे असल्यास शौचाच्या किंवा श्वासाच्या चाचणीबद्दल विचारावे. चाचणीपूर्वी अॅसिडिटीची गोळी साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद ठेवावी लागतात, अन्यथा संसर्ग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

प्रतिकारशक्तीचे दुखणे एकटे येत नाही

हकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये ज्या थायरॉइडच्या सुजेचे वर्णन केले, तिच्या चारही रुग्ण स्त्रिया होत्या. आज हाशिमोतो या नावाने ओळखला जाणारा हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पट अधिक आढळतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते, आणि अशा स्त्रियांमध्ये हाच हल्ला जठरावर किंवा आतड्यावर होण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त असते. जठरावर हल्ला झाला तर आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्वाचे शोषण दोन्ही घटतात. म्हणून अँटी-टीपीओ (थायरॉइडवरील हल्ला दाखवणारी रक्तातील प्रतिपिंडे) वाढलेले असून हातापायांना मुंग्या येत असतील, जीभ लाल व गुळगुळीत झाली असेल किंवा थकवा हटत नसेल, तर बी-12 तपासावे.

आतड्यावर होणारा असा विकार म्हणजे सिलिअॅक. यात गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या आतील अस्तराची हानी होते. जुलाब, पोटफुगी, गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन आणि घटणारे वजन ही त्याची लक्षणे आहेत. टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी करण्यापूर्वी गहू बंद करू नये, कारण गहू सोडल्यावर ही चाचणी भरवशाची राहत नाही. निदान पक्के झाले तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांवर सवय असलेल्या घरात पथ्य तुलनेने सोपे जाते, पण खाचाखोचा आहेत. हिंगाच्या पुडीत बहुधा गव्हाचे पीठ असते, थालीपीठाच्या भाजणीत गहू असतो, आणि गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत ते पीठ मिसळतेच. ज्वारी घरच्या चक्कीवर दळावी, नाहीतर गहू न दळणारी गिरणी शोधावी. सिलिअॅक नसताना केवळ थायरॉइड आहे म्हणून गहू सोडण्याचा लाभ मात्र सिद्ध झालेला नाही.

बद्धकोष्ठ

थायरॉइड कमी असला की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोट साफ होत नाही. त्यावर रात्री इसबगोल घ्यायला हरकत नाही, पण थायरॉइडची गोळीही रात्रीच घेत असाल तर इसबगोलाची वेळ बदलावी, कारण ते औषधाचे शोषण अडवू शकते. थायरॉइड बिघडेल म्हणून कोबी आणि फ्लॉवर यांची धास्ती घेणे अनावश्यक आहे. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास त्रास होत नाही. आयोडीनयुक्त मीठही सोडू नये.

आतड्यातील जिवाणूंविषयी

हाशिमोतोच्या रुग्णांतील आतड्यातील जिवाणूंची रचना वेगळी असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. परंतु हा फरक आजाराचे कारण आहे की परिणाम, हे अजून ठरलेले नाही. त्यामुळे ‘आतडे शुद्ध करून थायरॉइड मुळापासून बरा’ असे सांगत विकल्या जाणाऱ्या महागड्या पावडरींवर पैसे घालवू नयेत, आणि त्यांच्या भरवशावर गोळी तर मुळीच बंद करू नये. घरचे ताक, इडली, आंबोळी, कडधान्ये आणि भाज्या पोटासाठी चांगल्याच आहेत. केसांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिन या जीवनसत्त्वामुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात.

वरीलपैकी काही बदलले, मग ती गोळीची वेळ असो, अॅसिडिटीची गोळी थांबवणे असो किंवा जिवाणूवरचा उपचार, की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करून घ्यावा. त्याआधी केलेल्या तपासणीतून बदलाचा खरा परिणाम कळत नाही. शोषण सुधारल्यावर आधी अपुरी पडणारी मात्राच जास्त होऊ शकते. छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे किंवा वारंवार शौचास होणे असे काही जाणवले तर आठ आठवडे थांबू नये. डॉक्टरांना लगेच भेटावे आणि मात्रा कमी करण्याविषयी विचारावे.