स्पोर्ट्स सेडानची जाहीर अश्वशक्ती पडताळून कशी पाहावी

बीएमडब्ल्यू एम३४०आय ही सेडान २०२१ साली चेन्नईच्या कारखान्यात जुळवून भारतात विक्रीला आली, तेव्हा तिच्या शक्तीचा आकडा ३८७ असा जाहीर झाला होता. अशी गाडी डायनोवर (चाके रोलरवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) चढवली आणि हातात पडलेल्या कागदावर ३३० दिसले, तर मालकाच्या मनात फसवणुकीची शंका येणे साहजिक आहे. परंतु हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. पहिला इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे शक्ती बाहेर देणाऱ्या मुख्य दांड्यावर, प्रयोगशाळेत, ठरलेल्या हवेत मोजलेला असतो. दुसरा गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांनी आपापला वाटा खाल्ल्यानंतर चाकांवर उरलेला असतो. पडताळणी करायची म्हणजे आधी हे दोन्ही आकडे एका मापात आणायचे आणि मगच त्यांची वजाबाकी मांडायची.

सुरुवात एककापासून करावी. युरोपीय कंपन्या बहुधा ‘पीएस’ (मेट्रिक अश्वशक्ती) वापरतात आणि १ पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, आपण ज्याला बीएचपी म्हणतो ती इंग्रजी अश्वशक्ती ७४५.७ वॅटची असते. आपल्याकडच्या जाहिरातींत आणि शोरूममधल्या बोलण्यात या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. ३८७ पीएस म्हणजे ३८२ बीएचपी, आणि अमेरिकेत हीच गाडी ३८२ या आकड्याने विकली गेली. म्हणजे पाच अश्वशक्ती कागदावरच ‘हरवतात’. हा घोळ टाळण्यासाठी सगळा हिशोब किलोवॅटमध्येच करावा. या गाडीचा आकडा २८५ किलोवॅट आहे. आपली गाडी नेमकी कोणत्या वर्षाची आहे हेही पाहावे, कारण डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीचा आकडा ३७४ पीएस, म्हणजे २७५ किलोवॅट होता.

यानंतर कंपनीच्या आकड्याला नियमाने किती सूट आहे ते समजून घ्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ८५ नुसार मंजुरीच्या चाचणीत कमाल शक्ती जाहीर आकड्याच्या २ टक्के वर किंवा खाली चालते आणि कारखान्यातून नंतर बाहेर पडणाऱ्या इंजिनांना ५ टक्क्यांची मुभा असते. भारतात इंजिनाच्या शक्तीचे मापन आयएस १४५९९ या मानकानुसार होते आणि पुण्याची एआरएआय ही अशा मंजुरी देणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. २८५ किलोवॅटला ५ टक्क्यांची मुभा लावली, तर साधारण २७१ ते २९९ किलोवॅटपर्यंतचे इंजिन त्या नियमाच्या दृष्टीने निर्दोष ठरते. यापेक्षा बारीक फरक सिद्ध करण्याच्या भानगडीत सामान्य मालकाने पडू नये.

अर्थात, कंपन्यांचे आकडे नेहमीच सरळ होते असे नाही. फोर्डने १९९९ च्या मस्टँग कोब्रासाठी ३२० अश्वशक्ती जाहीर केली होती. मालकांच्या गाड्या डायनोवर उघडपणे कमी भरू लागल्यावर कंपनीला त्या परत बोलावून दुरुस्त करून द्याव्या लागल्या. अॅक्युरा टीएल या सेडानचे प्रकरण अधिक बोलके आहे: अमेरिकेतील एसएई संस्थेने मोजणीच्या नियमांतील पळवाटा बुजवल्यावर २००६ च्या मॉडेलचा आकडा २७० वरून २५८ वर आला, इंजिन मात्र तेच राहिले. उलट जपानमध्ये १९८९ पासून २००४ पर्यंत कंपन्यांनी आपसांत ठरवून २८० पीएसच्या वर आकडा जाहीर करायचा नाही असा संकेत पाळला आणि अनेक गाड्या प्रत्यक्षात त्याहून जोरकस होत्या. एम३४०आयमधले बीएमडब्ल्यूचे बी५८ हे टर्बो इंजिन याच दुसऱ्या पंगतीतले आहे. तेच इंजिन असलेल्या २०२० च्या टोयोटा सुप्राचा जाहीर आकडा ३३५ असताना ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाला तिच्या चाकांवरच ३३९ अश्वशक्ती मिळाली. त्यामुळे आपल्या एम३४०आयच्या चाकांवर ३३० दिसले, तर चोरी झाली असे म्हणण्याआधी मोजणी कशी झाली ते तपासणे भाग आहे.

डायनोवर नेण्याआधी गाडी मूळ स्थितीत आहे ना, एअर फिल्टर स्वच्छ आहे ना, टायरमध्ये योग्य हवा आहे ना हे पाहावे. इंधनाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जर्मन कंपन्यांचे आकडे बहुधा ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवरचे असतात. त्याहून कमी ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले की नॉक सेन्सर (इंधन अवेळी पेटल्याचे ओळखणारा) ठिणगीची वेळ मागे खेचतो आणि शक्ती निमूटपणे कमी होते. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळते. चाचणीपूर्वी टाकी जवळपास रिकामी करून ते भरावे आणि थोडी गाडी चालवावी, म्हणजे इंजिनाचा संगणक नव्या इंधनाशी जुळवून घेतो.

एम३४०आय चारही चाकांवर चालते, म्हणून पुढचे आणि मागचे रोलर एकाच वेगाने फिरवणारा चारही चाकांचा डायनोच लागतो. दोन चाकांच्या डायनोवर ती चढवल्यास ट्रान्स्फर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या पेटीचे) नुकसान होऊ शकते. ज्या गिअरचे प्रमाण १:१ असते त्यात रन (पूर्ण जोर देऊन केलेली एक मोजणी) घ्यावा असा प्रघात आहे. या गाडीच्या आठ गिअरांच्या पेटीत तो सहावा गिअर आहे, पण त्यात ६,५०० आरपीएमपर्यंत जाण्याआधीच २५० किलोमीटरची वेगमर्यादा आडवी येते. म्हणून रन पाचव्या किंवा चौथ्या गिअरमध्ये घ्यावा, गिअरबॉक्स मॅन्युअल मोडवर ठेवावा आणि मध्येच गिअर उतरणार नाही याची खात्री करावी. बॉनेटसमोर मोठा पंखा हवाच, कारण इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) तापला की प्रत्येक रनला आकडा घसरतो. सलग तीन रन घ्यावेत. ते एकमेकांपासून दोन टक्क्यांहून जास्त लांब असतील, तर त्यांतला एकही धरू नये.

कागद हातात आल्यावर सर्वांत आधी कोपऱ्यात छापलेले करेक्शनचे, म्हणजे हवेतल्या फरकासाठी आकड्यात केलेल्या दुरुस्तीचे, नाव वाचावे. एसएई जे१३४९ मध्ये हवा २५ अंशांची आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरतात, तर ‘एसटीडी’ नावाची जुनी पद्धत थंड आणि दाट हवा धरत असल्याने तिचा आकडा सुमारे चार टक्के मोठा येतो. ट्यूनिंगवाल्यांना ती का आवडते हे सांगायला नको. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाला त्याची भरपाई देणे रास्त आहे. टर्बो इंजिन मात्र हवा दाबून भरणारा आपला पंखा अधिक वेगाने फिरवून ही तूट बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढते, त्यामुळे तीच भरपाई त्याला दिली की आकडा खोटा फुगतो. टर्बो गाडीचा मूळ, करेक्शन न लावलेला आकडाही मागून घ्यावा.

आता सर्वांत वादाचा मुद्दा: चाकांवरून क्रँकशाफ्टपर्यंत कसे पोहोचायचे? ‘पंधरा टक्के धरा, चारही चाकांवर चालणारीला वीस धरा’ हा बाजारातला नियम मी मानत नाही, कारण टक्के आपणच ठरवायचे असतील तर उत्तरही आपणच ठरवल्यासारखे होते. ३३० ला १५ टक्के तोटा धरला तर ३८८ येतात आणि २० टक्के धरला तर ४१२! रन संपल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून रोलर थांबेपर्यंतचा विरोध मोजणारे डायनो असतात. त्यांचा अंदाज अधिक विश्वासार्ह असतो, पण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा सगळा भार मोजला जात नाही, म्हणून तोही शेवटी अंदाजच. खात्रीची पद्धत म्हणजे त्याच दिवशी, त्याच डायनोवर, त्याच मॉडेलची दुसरी मूळ स्थितीतली गाडी चढवणे. दोन्हींत पाच टक्क्यांच्या आत फरक असेल, तर आपल्या गाडीत विशेष काही बिघडलेले नाही.

डायनो मिळत नसेल, तर बंद ट्रॅकवर सेकंदाला किमान दहा नोंदी घेणाऱ्या जीपीएस उपकरणाने हिशोब करता येतो. गाडी चालकासह वजनकाट्यावर तोलावी. समजा १,८५० किलो भरली. ताशी ८० ते १०० किलोमीटर या वेगवाढीत तिची गतिज ऊर्जा सुमारे २,५७,००० जूलने वाढते. वेळ १.१ सेकंद लागला, तर त्यासाठी २३४ किलोवॅट खर्च झाले. हवा आणि टायर यांच्या विरोधासाठी साधारण ११ आणि फिरत्या भागांसाठी ८ किलोवॅट मिळवले की चाकांवर २५३ किलोवॅट येतात. हाच वेळ १.२ सेकंद धरला तर सुमारे २० किलोवॅट गळतात, म्हणजे २७ पीएस! एक टक्का चढही साडेचार किलोवॅट खातो. म्हणून दोन्ही दिशांना धावून सरासरी घ्यावी आणि वेगवाढ कमाल शक्तीच्या आरपीएमभोवतीच येईल असा गिअर निवडावा. एक्स्प्रेस-वे ही यासाठीची जागा नव्हे.

तूट खरोखरच दहा टक्क्यांच्या पुढे आणि प्रत्येक रनमध्ये सारखीच दिसली, तर ओबीडी पोर्टवरून (गाडीच्या संगणकाला उपकरण जोडण्याच्या जागेवरून) रनच्या वेळची नोंद काढावी. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) यांत अंतर असेल, तर नळ्यांमधली गळती किंवा वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) पाहावे. बूस्ट ठीक असून ठिणगीची वेळ मागे सरकत असेल, तर इंधन, स्पार्क प्लग किंवा आत येणाऱ्या हवेचे तापमान दोषी असण्याचा संभव अधिक. वॉरंटीतल्या गाडीसाठी ही नोंद, तिन्ही रनचे कागद, पेट्रोलची पावती आणि दुसऱ्या गाडीचा आकडा जोडून सर्व्हिस सेंटरकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी.