हरवलेला सोशल सिक्युरिटी नंबर मुंबईत राहून कसा शोधावा

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर काही वर्षे काढून मुंबईला परतलेल्या माणसाला सोशल सिक्युरिटी नंबराची, म्हणजे पगार आणि करासाठी अमेरिकी सरकार देते त्या ओळख क्रमांकाची, आठवण बहुधा ४०१(के) या निवृत्ती-बचत खात्यातले पैसे काढताना किंवा राहून गेलेले कर-विवरणपत्र भरताना होते, आणि नेमके तेव्हाच कार्ड सापडत नाही. अशा वेळी आधी हे लक्षात घ्यावे की कार्ड हरवणे आणि नंबर हरवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा नऊ आकडी नंबर एकदा मिळाला की जन्मभर तोच राहतो. व्हिसा संपला किंवा देश सोडला म्हणून तो रद्द होत नाही. वरच्या दोन्ही कामांना बहुतेक वेळा नुसता नंबर पुरतो. म्हणून अर्जाच्या मागे लागण्याआधी कपाटातल्या आणि माळ्यावरच्या फायली काढाव्यात.

सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे आपण भरलेल्या फॉर्म १०४० किंवा १०४०-एनआर या अमेरिकी आयकर विवरणपत्राची प्रत. ती घरात नसेल, तर ज्या संगणक-प्रणालीतून किंवा ज्या कर-सल्लागाराकडून विवरणपत्र भरले, तिथे विचारावे. डब्ल्यू-२, म्हणजे मालकाने दिलेले वार्षिक पगार आणि करकपातीचे पत्रक, हाती लागला तर उत्तमच. मात्र २०२१ पासून कर्मचाऱ्याला दिल्या जाणाऱ्या प्रतीवर केवळ शेवटचे चार आकडे छापण्याची मुभा मालकांना आहे, त्यामुळे त्याआधीचे डब्ल्यू-२ अधिक उपयोगी पडतात. ओपीटीसाठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिक्षणाशी निगडित काम करण्याच्या परवानगीसाठी, भरलेला आय-७६५ आणि व्हिसासाठीचा डीएस-१६० या अर्जांतही हा नंबर विचारलेला असतो, त्यामुळे त्यांच्या जुन्या पीडीएफ ईमेलमध्ये जरूर शोधाव्यात. अमेरिकी आयकर खाते देते त्या विवरणपत्राच्या उताऱ्यावर (ट्रान्स्क्रिप्ट) मात्र फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. सापडलेला आकडा ९ ने सुरू होत असेल, तर तो सोशल सिक्युरिटी नंबर नसून बहुधा आयटीआयएन, म्हणजे ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही त्यांना आयकर खात्याने दिलेला करदाता क्रमांक, असतो. पती-पत्नींचे कागद एकाच फाईलमध्ये असले की ही गल्लत सहज होते.

घरात काहीच मिळाले नाही, तर जुन्या कंपनीच्या एचआर किंवा पेरोल विभागाला लिहावे. पगारावरील कराच्या नोंदी किमान चार वर्षे जपून ठेवण्याचे बंधन मालकांवर आहे, आणि पुष्कळ कंपन्या त्या अधिक काळ ठेवतात. उत्तर साध्या ईमेलने न मागवता कंपनीच्या सुरक्षित पोर्टलवर मागवावे.

कार्डच हवे असेल तर मार्ग अरुंद होतो. नव्या प्रतीसाठी अमेरिकेत एसएस-५ आणि अमेरिकेबाहेर एसएस-५-एफएस हा अर्ज असतो. त्याला शुल्क नाही, पण परदेशी नागरिकाला सर्वसाधारणपणे सध्या चालू असलेला इमिग्रेशन दर्जा आणि काम करण्याचा परवाना मूळ कागदपत्रांनिशी दाखवावा लागतो. आपल्याकडे नोटरीकडून करून घेतलेली साक्षांकित प्रत तिथे चालत नाही. त्यामुळे कायमचे परतलेल्यांना कार्ड मिळणे कठीण असते, आणि एच-१बीवर पुन्हा जाणाऱ्यांनी तिथे पोहोचल्यावर पासपोर्ट आणि आय-९४ ही अमेरिकेतील प्रवेशाची नोंद घेऊन स्थानिक सोशल सिक्युरिटी कार्यालयात जाणे सर्वांत सोयीचे. वर्षाला तीन आणि आयुष्यभरात दहा प्रती एवढीच साधारण मर्यादा असल्याने उगाच अर्ज करू नये. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात हे कार्ड तयार होत नाही. भारतात राहणाऱ्यांची सोशल सिक्युरिटीची कामे मनिला येथील अमेरिकी दूतावासाचा फेडरल बेनिफिट्स युनिट हा विभाग पाहतो. तिथे फोन करून कोणी नंबर वाचून दाखवील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

दोन गोष्टी मी कळकळीने सांगतो. नंबर सापडत नाही म्हणून नवा आयटीआयएन मागू नये, कारण ज्याला सोशल सिक्युरिटी नंबर आहे त्याने कामाचा परवाना संपल्यानंतरही कर-विवरणपत्रात तोच वापरायचा असतो. आणि पैसे घेऊन नंबर काढून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या हाती पासपोर्टची प्रत आणि जन्मतारीख कधीही देऊ नये; याच माहितीवर दुसऱ्याच्या नावाने कर्ज उचलले जाते.

कार्ड पाकिटासह चोरीला गेले असेल, तर नंबर सापडताच इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे आपला क्रेडिट अहवाल गोठवून घ्यावा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याला नवे कर्ज काढणे अवघड होते. २०१८ पासून ही सोय विनामूल्य आहे, मात्र तिन्हीकडे स्वतंत्र विनंती करावी लागते.