मिनरल वॉटरच्या लेबलवर आधी सोडियम बघा

घामाने भिजलेली टोपी वाळली की तिच्या कडेवर पांढरी रेघ उमटते. ते मीठच! एक लिटर घामात साधारण ५०० ते १,८०० मिलिग्रॅम सोडियम जातं. ‘मिनरल’ हा शब्द वाचून ते भरून निघेल असं समजू नका. कित्येक बाटल्यांमध्ये लिटरमागे २० मिलिग्रॅमही सोडियम नसतं, तर काही नैसर्गिक झऱ्यांच्या पाण्यात १,००० च्या वर असतं. म्हणून लेबल वाचाच.

किती प्यायचं हे वजनकाटा सांगतो. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. १ किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, थोडं थोडं करून, आणि सोबत खारट काहीतरी खा. वजन उलट वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय, पुढच्या वेळी नक्की कमी प्या. लांब शर्यतीत नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तासाभराच्या हलक्या सरावाला मात्र साधं पाणी पुरतं. रक्तदाबाचा त्रास असेल तर जास्त सोडियमचं पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्या.